उणी म्हणायला बंदी

लहानांनो, जवळ सरका. आणि मोठ्यांनो, मधेमधे बोलू नका. गोष्ट एकदा, फार फार पूर्वी घडलेली आहे, जंगलं मोठी होती आणि शहरं लहान होती तेव्हाची. भीतीची आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला सोसणार नाही त्यानं आत्ताच घरात जाऊन पांघरूण घ्यावं. नाही ना उठत कुणी? बरं तर.

जंगलाच्या अगदी कडेला एक शहर होतं. भोवती तीन माणसांच्या उंचीचा दगडी कोट आणि कोटाला एकच वेस. आत बारा आळ्या होत्या. कुंभारआळी, कोष्टीआळी, सुतारआळी, तेलीआळी, अशा. दिवसभर लोक लाकडं, माती, मध, पानं आणायला जंगलात जात. पण दिवस मावळला की जंगल वाघाचं. एक मोठा, जुना वाघ होता तिथं, आणि त्याला माणसाची भीती राहिली नव्हती.

वेशीवर निंबाजी नावाचा वेसकर होता. वेस उघडणं, वेस लावणं हे त्याचं काम. दिवस बुडताना तो वेशीच्या माथ्यावर चढे, शिंग फुंके आणि खड्या आवाजात विचारी, "कोण राहिलं?"

मग एकेका आळीतून उत्तर येई. "कुंभारआळी भरली!" "कोष्टीआळी भरली!" भरली म्हणजे आळीतलं प्रत्येक माणूस घरी आलं. आणि कुणी यायचं असेल, तर आळी ओरडे, "सुतारआळी उणी, दोन!"

हे आळीला कळे कसं? सोपं होतं हो. तिन्हीसांजेला बायका दारात उभ्या राहून शेजारणीला विचारत, "आलं का गं तुझं सगळं?" ती पलीकडच्या दाराला विचारी. असा तो प्रश्न दारादारातून आळीच्या तोंडाशी पोचे.

उणी ऐकलं की निंबाजी मोठी वेस लावी, पण तिच्या पोटातली दिंडी, एक माणूस वाकून आत येईल एवढं धाकटं दार, उघडी ठेवी. त्या आळीतले चारजण मशाली आणि काठ्या घेऊन तिथं उभे राहत, ढोल बडवत. येणारा आला की दिंडीला अडसर. मगच निंबाजी घरी जाई. घरी त्याची लेक राही भाकरीवर टोपली झाकून बसलेली असे. बायको वारल्यापासून दोघंच होती ती.

"आबा, आज भाकरीची पार खापरी झाली," ती म्हणे.

"दात आहेत अजून," निंबाजी म्हणे, आणि कुडुमकुडुम खाई.

असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. मग सम्राटांची आज्ञा आली. राज्यातलं सगळ्यात शहाणं शहर निवडायचं, आणि त्याच्या वेशीवर सोन्याचा कळस चढवायचा. दूत येऊन पारख करणार होता. शहाणं म्हणजे काय, ते मात्र सम्राटांनी सांगितलं नव्हतं. ते ज्यानं त्यानं ओळखायचं.

आमचा राजा तरुण होता. मनानं वाईट नव्हता, पण कौतुकाचा भारी भुकेला. त्यानं दरबारात विचारलं, तर प्रधान म्हणाला उंच मनोरे म्हणजे शहाणपण, पंडित म्हणाला पोथ्या, सेनापती म्हणाला तोफा. ज्याच्याकडे जे होतं, ते त्यानं सांगितलं.

त्याच सुमारास एक परदेशी व्यापारी राजाकडे उतरला होता. संध्याकाळी दोघं गच्चीवर बसलेले असताना खालून आवाज आला, "तेलीआळी उणी, एक!"

"उणी म्हणजे काय हो?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"उणी म्हणजे... कमी. अपुरी."

व्यापारी खो खो हसला. "म्हणजे तुमचं शहर रोज संध्याकाळी स्वतःलाच अपुरं म्हणून बोंब मारतं? आणि तुम्हाला शहाणपणाचा कळस हवा?"

राजाचे कान लाल झाले. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली: आजपासून शहरात 'उणी' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. जो उच्चारेल त्याला संध्याकाळी वेशीबाहेर काढलं जाईल.

संध्याकाळी वेशीबाहेर म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागलं नाही. लोकांची पाचावर धारण बसली. शब्द जिभेवर यायलाच घाबरू लागला. भाजीत मीठ उणं पडलं तर बायका म्हणत, "भाजी आज जरा विचारात पडलीय." हसा, हसा. पुढं हसू यायचं नाही.

पाठोपाठ राजानं लांबच्या मुलखातला एक कारागीर बोलावला. माणूस खरोखरच हुशार. त्यानं वेशीवर पाण्याचं यंत्र बसवलं. दिवसभर थेंब थेंब पाणी एका हौदात साठे, आणि बरोबर सूर्य बुडताना हौद भरून वजन खाली येई. तेवढ्यासरशी सागवानी दार वरून धाडकन खाली उतरे. मग माथ्यावरच्या बारा पितळी घंटा एकेक करून वाजत. एका आळीची एक. घंटा वाजली की आळी भरली. पहाटे हौदातलं पाणी दाराखालून आपोआप सुटे, बाहेरची फरशी धुऊन काढी, आणि दार पुन्हा वर जाई. मधल्या वेळात ते दार हत्तीलाही हललं नसतं. दिंडी तर कारागिरानं लोखंडाच्या पट्ट्या मारून कायमची बंद केली. यंत्रात भोक नको, म्हणाला.

सगळं शहर बघायला लोटलं. निंबाजीही गर्दीत होता. त्यानं मान वर करून बारा घंटा मोजल्या आणि विचारलं, "कारागीरदादा, एखादी आळी... म्हणजे, कुणी बाहेर राहिलं असलं, तर घंटा कशी वाजते?"

कारागीर गोंधळला. "बाहेर राहिलं तर? तसं वाजवायला मला कुणी सांगितलेलं नाही. या भरलीच्याच घंटा."

"म्हणजे रोज बाराही वाजणार?"

"रोज. एकदासुद्धा चुकणार नाहीत."

राजानं टाळ्या वाजवल्या. निंबाजीला यंत्राच्या चाकांना तेल घालायचं काम दिलं आणि शिंग वेशीच्या माथ्यावर खुंटीला टांगलं गेलं.

पहिले काही दिवस मजेत गेले. बायका दारात उभ्या राहीनाशा झाल्या. कशाला राहायचं? घंटा होती ना सांगायला!

मग एके दिवशी कुंभारआळीतला सटवाजी दिसेना.

त्याची बायको पारू घरोघर विचारत फिरली. सटवाजी माती आणायला गेला होता, हे तिला माहीत होतं. "पण कुंभारआळीची घंटा तर वाजली होती," शेजारी म्हणाले. "म्हणजे तो आतच आहे कुठंतरी." आणि लोकांनी त्याला शहरात शोधला. विहिरींत गळ टाकले, धान्याची पेवं उघडली, देवळाच्या पोटमाळ्यावर चढले. बाहेर जाऊन बघावं हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. घंटा वाजली म्हणजे माणूस आत, एवढं पक्कं बसलं होतं डोक्यात. चार दिवसांनी शोध थांबला. त्याच्या चाकावरचा मातीचा गोळा सुकून तडकला.

बारा दिवसांनी सुतारआळीतला भिवा नाहीसा झाला. लाकडासाठी गेलेला. नवं लग्न झालेलं.

त्यानंतर सुईण गेली, गंगूमावशी. पलीकडच्या पाड्यावर बाळंतपण करायला गेली ती परतलीच नाही. अर्ध्या शहराची नाळ तिनं कापली होती. त्या संध्याकाळीही बाराही घंटा वाजल्या, गोड, ठणठणीत.

आता मात्र शहराच्या काळजाचं पाणी झालं. जरा विचार करा, का ते. वेस बंद होती. घंटा खोटं बोलत नव्हत्या. म्हणजे माणसं आतच होती. मग माणसं खाणारंही आतच असलं पाहिजे!

कुणी म्हणालं, तळ्याकाठच्या चिंचेवर हडळ आहे. कुणी म्हणालं, कारागीर यंत्रात माणसं घालतो, म्हणून ते एवढं सुरेख चालतं. मग लोक एकमेकांकडे बघू लागले. कोष्ट्यानं सुताराच्या हातचं पाणी टाळलं. भावानं भावाला दार उघडलं नाही. दिवस मावळायच्या आधीच आळ्या ओस पडत, दारांना आतून कड्या लागत, आणि दिव्यावर सूप झाकून माणसं अंधारात बसत. शेजारी कोण आलं, कोण नाही, हे विचारायची कुणाची छाती होईना.

आणि कोटाबाहेर वाघ बसलेला असे. त्याला घंटा कळू लागल्या होत्या हो! घंटा वाजल्या की दार पडलं, आणि दार पडलं की उशिरा आलेलं माणूस दाराला पाठ लावून उभं राहतं, पळायला जागा नसते. पूर्वी मशाली असत, ढोल असत. आता काहीच नसे. पहाटे यंत्राचं पाणी सुटे आणि फरशी स्वच्छ होई. सकाळी लोक तिच्यावरून चालत जात आणि म्हणत, बघा, कशी लखलखतेय.

अशात दूत आला. राजानं मोठी मेजवानी ठरवली आणि मुदपाकखान्यातून हुकूम सुटला: हजार पत्रावळी हव्यात, आजच्या आज पळसाची पानं आणा. राही पत्रावळी लावण्यात पटाईत. जवळची झाडं कधीच ओरबाडून झाली होती.

"लांब जावं लागेल आबा," ती म्हणाली.

"सूर्य कासराभर वर असतानाच मागं फिर," निंबाजी म्हणाला. "माझं शिंग नाही आता. दार थांबायचं नाही."

"येते हो. लहान आहे का मी?"

निंबाजीला त्या दिवशी यंत्रापाशीच थांबायचं होतं, दूताला सगळी चाकं चकचकीत दिसली पाहिजेत म्हणून. पण ऐन वेळी प्रधानानं त्याला हाकललं. तेलकट कपड्यांचा माणूस पाहुण्यांसमोर नको, म्हणाला. निंबाजी घरी आला. मागं दार धाडकन पडल्याचा आवाज झाला, घंटा सुरू झाल्या. एक, दोन, तीन.

घरात चूल थंड होती. भाकरी नव्हती, टोपली नव्हती, राही नव्हती.

बारावी घंटा वाजेपर्यंत निंबाजी वेशीकडे पळत सुटला होता. पायातला जोडा कुठं पडला, त्याला कळलं नाही. तो जिना चढला आणि कोटावरून खाली वाकला.

खाली राही उभी होती. डोक्यावर पानांचा भारा तसाच. पाठ दाराला लावलेली. पन्नास पावलांवर, फरशीच्या कडेला वाघ बसला होता. त्याला घाई नव्हती. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

"आबा," राही वर न बघता हळूच म्हणाली, "दार उघड."

"उघडत नाही गं, पोरी."

"आबा, दाराला बाहेरून हात उमटलेत. मातीचे. खूप आहेत."

निंबाजीला क्षणात सगळं कळलं. दिवसा दार वर ओढलेलं असे, म्हणून ते हात कुणालाच दिसले नव्हते. सटवाजीचे मातीनं भरलेले हात होते ते. घंटांच्या ठणठणाटात तो दार बडवत राहिला होता, आणि आत त्याची आळी भरली होती.

निंबाजीनं खुंटीवरचं शिंग ओढलं आणि जीव खाऊन फुंकलं. "कोण राहिलं?" तो ओरडला. "अरे, कोण राहिलं?"

शहर चिडीचूप. झाकलेल्या दिव्यांमागं लोक दाराच्या कड्या घट्ट धरून बसले होते. किती दिवसांनी तो प्रश्न आला होता, आणि उत्तर माहीत असूनही तोंड उघडायची चोरी. एक शब्द, आणि वेशीबाहेर!

तेव्हा निंबाजीनं स्वतःच उत्तर दिलं. "उणी! माझी आळी उणी, एक! माझी राही बाहेर आहे रे! उणी!"

वाघ उठून उभा राहिला.

कुंभारआळीत एक कडी वाजली. पारू दारात आली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "कुंभारआळी उणी, एक!" मग दुसरीकडून भिवाची बायको, "सुतारआळी उणी!" मग सगळीकडून, बाया, पुरुष, म्हातारी माणसं, दारं फटाफट उघडत, "उणी! उणी!" सुपं बाजूला झाली, दिवे मशाली झाले, आणि सगळं शहर वेशीकडे धावलं.

राजा आणि दूत तिथंच होते, घंटा बघायला आलेले. राजा दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. "गप्प बसा! पाहुणे ऐकतायत! एकेकाला बाहेर काढीन!"

"काढा महाराज," पारू म्हणाली. "माझा माणूस बाहेरच आहे. मला कधीच काढायला हवं होतं."

राजाचे हात खाली आले. लोक त्याच्या अंगाला धक्के देत कोटावर चढले. कोष्ट्यांनी मागावरची लुगडी तशीच कापून आणली होती, ती एकाला एक गाठून खाली सोडली. वरून मशाली पडल्या, ढोल वाजले, परातींवर लाटणी पडली. राहीनं टोक कमरेला बांधलं. वाघ आला तो मशालींमधून सरळ. राहीनं भारा त्याच्या तोंडावर फेकला, पळसाची पानं भर्रकन उधळली, आणि वीस हातांनी तिला वर ओढली. वाघाचा पंजा तिच्या टाचेला लागला. टाच फाटली, पण राही वर आली.

निंबाजीनं तिला पोटाशी धरलं आणि तो लहान मुलासारखा हंबरडा फोडून रडला.

राजा कोटावरून खाली बघत होता. मशालींच्या उजेडात दारावरचे हात त्यालाही दिसले. त्यानं ते मोजले, आणि अर्ध्यावर त्याला मोजवेना. तो खालीच बसला.

सकाळी दूत निघाला. कळस त्याच्या घोड्यावर तसाच बांधलेला होता.

"म्हणजे आम्ही शहाणे ठरलो नाही," राजा म्हणाला.

"काल घंटा वाजत होत्या तेव्हा कळस सोडायला सांगणार होतो," दूत म्हणाला. "मग तुमची माणसं ओरडली. महाराज, आमच्या राजधानीत काल कोण घरी आलं नाही, हे मला सांगता येणार नाही. दुसऱ्यांचं शहाणपण पारखण्याआधी घरी जाऊन मला तेच विचारायचं आहे." त्यानं घोडा पुढं काढला.

राजानं यंत्र मोडलं. दिंडीच्या लोखंडी पट्ट्या स्वतःच्या हातानं उपटल्या, बोटं सोलपटली तरी थांबला नाही. ते सागवानी दार मात्र त्यानं टाकू दिलं नाही. आत चौकात उभं केलं, हात दिसतील असं.

त्या संध्याकाळी निंबाजीनं शिंग फुंकलं. "कोण राहिलं?" बाराही आळ्यांनी उत्तर दिलं. कुंभारआळी म्हणाली भरली. सुतारआळी म्हणाली भरली. गंगूमावशीची तेलीआळी म्हणाली भरली. गेलेली माणसं रोज कशी मोजणार? निंबाजी अडसर घालणार, एवढ्यात राजवाड्याच्या गच्चीवरून आवाज आला. आजवर राजवाड्यानं कधी उत्तर दिलं नव्हतं, आणि कुणी मागितलंही नव्हतं.

"राजवाडा उणा," राजा ओरडला. "तीन."

निंबाजीनं अडसर खाली ठेवला. दिंडी उघडी राहिली, आणि मशाल घेऊन राजा स्वतः तिथं येऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग निंबाजीच म्हणाला, "चला महाराज. आता लावतो."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. राजाचे केस पिकले, निंबाजीनंतर शिंग राहीच्या हाती आलं, ती लंगडत वेशीवर चढू लागली, तरी रोज दिवस बुडताना बारा आळ्यांच्या मागून ते उत्तर येतच राहिलं: "राजवाडा उणा, तीन." कळस पुढं कुठल्या शहराला मिळाला, ते कुणी विचारलं नाही.

तात्पर्य: आपलं कोण घरी यायचं राहिलं आहे हे ज्या शहराला ठाऊक असतं, आणि ते मोठ्यानं सांगायची ज्याला लाज वाटत नाही, तेच शहर शहाणं.